गजाचा काप: धातूची साल आणि पोट तपासायला शिकताना

जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघालेला १२ एमएमचा टीएमटी गज, म्हणजे गरम रोल करून लगेच पाण्याने झटक्यात थंड केलेली बांधकामाची सळई, घ्या. तो आडवा कापा, कापाचं तोंड घासून गुळगुळीत करा आणि त्यावर नायटलचे, म्हणजे अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या थोड्या नायट्रिक आम्लाचे, चार थेंब सोडा. अर्ध्या मिनिटाच्या आत त्या चकतीवर कडेकडेने एक गडद कडं उमटतं, मधला भाग फिका राहतो. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा एका लोखंडाच्या नळीत दुसऱ्या लोखंडाची कांडी ठोकून बसवलीय असंच वाटलं होतं. पण दोन्हीकडचं रसायन एकच असतं. कार्बन तेवढाच, मँगनीज तेवढंच. फरक पडतो तो थंड होण्याच्या वेगामुळे.

लाल गज साधारण ९५० ते १००० अंश सेल्सिअसला रोलच्या शेवटच्या जोडीतून, म्हणजे स्टँडमधून, बाहेर पडतो आणि लगेच जोरदार पाण्याच्या पेटीतून जातो. बाहेरची साल झटक्यात थंड होऊन मार्टेन्साइट नावाचं कडक रूप घेते. पोट मात्र अजून लालच असतं. पेटीतून बाहेर आल्यावर पोटातली उष्णता सालीकडे येते आणि तिचा ठिसूळपणा उतरवते. मग कूलिंग बेडवर पोट सावकाश थंड होतं आणि तिथे फेराइट-पर्लाइटची मऊ, चिवट रचना तयार होते. बाहेर कडक, आत लवचिक. घराचा खांब भूकंपात वाकला तरी तुटू नये, ही अपेक्षा याच जोडीवर उभी आहे. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांच्या घरात आजही बोलला जातो, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

हा लेख आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा बीएस्सी करणाऱ्यांसाठी आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना इथल्या कारखान्यांत क्वालिटीला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. सगळीकडे उदाहरण म्हणून गजाचा एकच तुकडा घेतलाय. नवीन माणूस यंत्रांची नावं पाठ करतो. त्याआधी क्रम पाठ करा, असं मी सांगेन. कारण प्रत्येक चाचणी तुकड्यावरचं काहीतरी पुसून टाकते. कापलं की लांबी गेली, घासलं की गंज गेला, ओढलं की आकार गेला. गेलेलं परत येत नाही.

आधी ठरवा: विचारायचंय सालीला की पोटाला?

आपल्या घरातली दोन उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवा. पहिलं कल्हईचं भांडं. पोट पितळेचं, वरचा पातळ थर कथलाचा. भांडं किती जड, उष्णता किती भरभर पसरते, पडल्यावर पोचा येतो का, ही उत्तरं पितळ देतं. आंबट वरणाला कळक लागते का, याचं उत्तर मात्र तो कथलाचा थरच देतो. कल्हई उडाली की भांडं तेच, वजनही जवळजवळ तेच, पण वागणं बदलतं.

दुसरं बीडच्या ऊसतोड कामगाराच्या हातातला कोयता. गावचा लोहार किंवा फिरता घिसाडी तो बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून बनवतो. धार लाल करून पाण्यात बुडवतो, म्हणजे पाणी पाजतो, आणि पाठ मऊच ठेवतो. तापलेल्या धारेवर येणारे रंग तो बारकाईने बघतो. गव्हाळ पिवळा आला की साधारण २२० ते २३० अंश, निळा आला की ३०० च्या आसपास. हे रंग म्हणजे पृष्ठभागावर चढलेल्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराचे. पृष्ठभाग वाचून लोहार आतल्या पोलादाची अवस्था ओळखतो. आपल्या शास्त्राचं सगळं मर्म मला यात दिसतं.

घनता, उष्णता आणि वीज वाहण्याची क्षमता, ओढल्यावरची ताकद, लांबण्याची क्षमता हे पोटाचे गुण. गंज, घर्षण, झीज, खडबडीतपणा, रंग किंवा प्लेटिंग चिकटणं हे सालीचे. काही गुण मधले असतात. वारंवार ताण पडून भाग तुटतो तेव्हा तडा बहुधा पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यातून सुरू होतो आणि मग पोटात शिरतो. वहीत पहिल्या ओळीला प्रश्न लिहा: "मला या तुकड्याबद्दल नेमकं काय जाणून घ्यायचंय?" ही ओळ लिहिल्याशिवाय करवत उचलायची नाही.

तुकडा निवडणं

गज गॅस कटरने कापून आणू नका. ज्वाळेच्या आसपासचं पोलाद तापून बदललेलं असतं आणि तुम्ही गजाऐवजी ज्वाळेचा परिणाम तपासत बसता. हॅक्सॉने हाताने कापा, नाहीतर पाणी सोडत कापणाऱ्या मशीनवर. बंडलच्या टोकाचा अर्धा फूट सोडून द्या, आणि किमान दीड-दोन मीटर गज मिळवा. पुढे कशाला किती लागतं ते कळेलच.

हीट नंबर (भट्टीतल्या कोणत्या वितळणीतला माल, तो क्रमांक), व्यास, कुठून आणला, तारीख हे सगळं तुकडा हातात आल्या क्षणी लिहा. एका टोकाला पंचने खूण करा. पेनाची खूण तेलाने जाते, चिकटवलेली चिठ्ठी पाण्यात सुटते. गजाच्या अंगावर कंपनीचं नाव आणि ग्रेड उठावात असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

मग काहीही न करता पाच मिनिटं तुकडा नुसता बघा. हलका तांबूस गंज गोणपाटाने पुसला की जातो, त्याची काळजी नको. पापुद्रे सुटत असतील, खाली खड्डे दिसत असतील तर धातू खरोखर कमी झालाय. निळसर काळा थर दिसला तर तो गंज नाही. रोलिंगच्या वेळी गरम लोखंडावर चढलेला तो स्केल आहे. या दोन्हींची गल्लत नवीन मुलं फार करतात.

वजन: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित चाचणी

पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. त्यावरून मिस्त्री लोकांचं ते प्रसिद्ध सूत्र निघतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन. १२ एमएमला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८८ किलो. ८ एमएमला ०.३९५, १० ला ०.६१७, १६ ला १.५८. हे सूत्र पाठ असणारे खूप भेटतात. १६२ आला कुठून हे विचारलं की गप्प होतात. वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि घनता यांचा गुणाकार एकदा स्वतः करून बघा, आयुष्यभर विसरणार नाही.

गज साफ करा, लांबी मोजा, वजन करा. भारतीय मानक १७८६ नुसार १० च्या वर आणि १६ एमएमपर्यंतच्या गजांना लॉटमागे पाच टक्के कमी-जास्त चालतं, आणि सुट्या एका तुकड्याला सहा टक्क्यांपर्यंत घट. म्हणजे १२ एमएमचा एक मीटर तुकडा ८३५ ग्रॅमच्या खाली गेला तर प्रश्न विचारायला हवा. तुकडा अर्ध्या मीटरपेक्षा छोटा घेऊ नका, कारण कापाच्या तोंडाची तिरकी चूक छोट्या तुकड्यात मोठी होते.

हा आकडा वहीत जपून ठेवा. ओढण्याच्या चाचणीत तो पुन्हा लागणार आहे.

आता घनता. घरच्या डिजिटल काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवा, काटा शून्य करा. गजाचा तीस सेंटिमीटर तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा. तळाला किंवा काठाला टेकू द्यायचा नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर त्या तुकड्याचं आकारमान. तुकडा आडवा बुडायला पसरट, खोलगट भांडं लागतं. परात छान चालते. २६६ ग्रॅमच्या तुकड्याला काटा ३४ च्या आसपास येतो, भागाकार ७.८.

इथे मोजण्यात किती चूक होऊ शकते, याचा हिशेबही शिका. काटा एक ग्रॅमच्या पायरीने मोजत असेल तर ३४ मधली अर्ध्या ग्रॅमची शंका म्हणजे दीड टक्का. हाच प्रयोग दहा सेंटिमीटरच्या तुकड्यावर केला तर आकारमान ११ च्या आसपास, आणि तीच अर्ध्या ग्रॅमची शंका साडेचार टक्क्यांवर जाते. मग ७.५ आलं म्हणून "लोखंडात भेसळ आहे" असं म्हणण्यात अर्थ नाही. सोनाराचा काटा मिळाला तर छोटा तुकडाही चालतो. मे महिन्यात आपल्याकडे टाकीतलं पाणी ४० अंशांच्या आसपास असतं, तेव्हा त्याची घनता ०.९९२ असते, साध्या काट्याला तो फरक कळणार नाही, सोनाराच्या काट्याला कळेल. दोऱ्याला आणि गजाच्या खाचांना चिकटलेले बुडबुडे बोटाने झटका, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका.

याच पद्धतीने घरातल्या वस्तू करून बघा. ॲल्युमिनियम २.७, जस्त ७.१४, तांबं ८.९६, शिसं ११.३४. पितळ साडेआठच्या आसपास. कास्टिंगच्या कारखान्यात काम करत असाल तर ही चाचणी फार उपयोगी आहे. सच्छिद्र कास्टिंगचं वजन हवेत बरोबर वाटतं, पाण्यात ते उघडं पडतं.

न कापता सालीला विचारायचे प्रश्न

धातूच्या पट्टीवर पाण्याचा थेंब सोडा. पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ, गोळी होऊन बसला तर तेलकट. वाळूजच्या प्लेटिंगच्या शॉपमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर करतात: भाग पाण्यातून काढून उभा धरतात आणि पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट अखंड राहतो का ते बघतात. पापुद्रा जिथे फाटला तिथे प्लेटिंग सुटणार. गजाची एक बाजू घासून, अर्धी साबणाने धुऊन, अर्धी हाताने चोळून बघा. आपल्या बोटांचं तेल किती बोलतं ते कळेल. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत तयार पृष्ठभागाला बोट का लावायचं नाही, हे त्या दिवशी आपोआप समजतं.

कानस फिरवून बघा. पाणी पाजलेल्या कोयत्याच्या धारेवर कानस घसरते, पाठीवर चावते. ढोबळ आहे, पण खरं आहे.

खडबडीतपणा मोजायचं छोटं यंत्र बहुतेक ऑटो पार्टच्या कारखान्यांत असतं. हिऱ्याची बारीक सुई पृष्ठभागावरून ओढत नेतात आणि चढउतारांची सरासरी मायक्रॉनमध्ये देतात. लेथवर टर्निंग केलेल्या भागाला साधारण ०.८ ते ६.३ येतं. लक्षात ठेवा, सरासरीत एकटा खोल ओरखडा लपतो. आणि तडा नेमका त्या एकट्या ओरखड्यातूनच सुरू होतो. म्हणून सरासरीसोबत सर्वांत खोल दरी आणि सर्वांत उंच टोक यांचा आकडाही वाचा, आणि भिंग लावून डोळ्यांनीही बघा.

कापणं, घासणं, पॉलिश: इथे घाई केली की सगळं गेलं

पंधरा-वीस मिलीमीटरचा काप पाणी सोडत कापा. तो बेकलाइटच्या गोळीत बसवतात, म्हणजे हातात धरायला सोपा आणि काठ सपाट राहतो. गरम माउंटिंग साधारण १५० अंशांना होतं, गजाला त्याने काही होत नाही. मात्र कमी तापमानाला वितळणारं कथील-शिशाचं सोल्डर किंवा नाजूक थर असेल तर थंड जमणारं रेझिन वापरा.

सालीचा अभ्यास असेल तेव्हा काठ गोल होणं हा मोठा शत्रू. काठ गोलावला की सूक्ष्मदर्शकात तो धूसर दिसतो, आणि नेमकी आपल्याला हवी ती पहिली ५० मायक्रॉनची जागा हरवते. उपाय सोपा: काठाला लागून तेवढ्याच कडकपणाचा दुसरा तुकडा घट्ट टेकवून दोन्ही एकत्र माउंट करा.

मग वॉटर पेपर. २२०, ४००, ६००, ८००, १२०० असा क्रम, सतत पाणी सोडत. प्रत्येक कागदावर एकाच दिशेने घासायचं आणि पुढच्या कागदावर तुकडा ९० अंशांत फिरवायचा. आधीच्या आडव्या रेघा पूर्ण जाऊन नुसत्या उभ्या रेघा उरल्या की मगच पुढचा कागद. एवढा एक नियम पाळला तर निम्मं काम झालं. कागद बदलताना तुकडा आणि हात दोन्ही धुवा; २२० चा एक कण १२०० च्या कागदावर गेला की पुन्हा मागे जावं लागतं. दाबू नका. जास्त दाबलं तर वरचा थर चिरडून लिंपला जातो आणि खाली काय आहे ते झाकतो.

नंतर मखमली कापडावर एक मायक्रॉनची ॲल्युमिना पावडर किंवा हिऱ्याची पेस्ट. आरसा झाला पाहिजे.

आपल्याकडच्या तीन अडचणी पुस्तकात नसतात, म्हणून सांगते. बोअरचं पाणी जड असतं. त्याने शेवटचं धुतलं की पांढरे ठिपके राहतात आणि नवखा माणूस त्यांनाच धातूतले दोष समजतो. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने, मग स्पिरिट, मग ड्रायरची गार हवा. दुसरी, उन्हाळ्यातली धूळ: पॉलिशचं कापड काम झालं की डब्यात बंद करा. तिसरी, श्रावणातली दमट हवा: संध्याकाळी आरसा केलेला तुकडा सकाळी तांबूस झालेला असतो. सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा, नाहीतर पॉलिश आणि तपासणी एकाच दिवशी उरका.

आधी कोरं बघा, मग आम्ल लावा

आरसा तयार झाला की नायटलकडे धावू नका. आधी कोरा तुकडा १०० पट मोठा करून बघा. काळे-राखाडी ठिपके, रोलिंगच्या दिशेने लांबलेल्या सल्फाइडच्या रेघांची आडव्या कापात ठिपक्यांसारखी दिसणारी टोकं, बारीक तडे, छिद्रं हे सगळं आत्ताच स्वच्छ दिसतं. आम्ल लावल्यावर त्यातलं बरंच गर्दीत हरवतं.

नायटल म्हणजे इथाइल अल्कोहोलमध्ये दोन ते पाच टक्के नायट्रिक आम्ल. हे घरी करायचं नाही. प्रयोगशाळेत, मार्गदर्शक शेजारी असताना, धूर ओढणाऱ्या कपाटाखाली, चष्मा आणि हातमोजे घालून. अल्कोहोलमध्ये आम्ल थेंबथेंब टाकायचं, आम्लात अल्कोहोल कधीच ओतायचं नाही. प्रमाण वाढवायचं नाही, मिश्रण घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवून ठेवायचं नाही, लागेल तेवढंच ताजं करायचं. जवळ ज्योत नको. इथे शॉर्टकट घेणाऱ्याला मी लॅबमध्ये पुन्हा उभं करत नाही.

कापसाने हलकं फिरवा. पाच ते पंधरा सेकंदांत आरसा धुकट होतो. तिथेच थांबा, पाण्याने धुवा, स्पिरिट, हवा. कमी झालं तर पुन्हा लावता येतं. जास्त झालं तर पॉलिशला परत.

आता पोटाकडे बघा. पांढरे कण फेराइटचे, गडद पट्टे पर्लाइटचे. ५०० पटीला नीट जमलं तर पर्लाइटमध्ये एकाआड एक पातळ थर दिसतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६० च्या दशकात पोलाद असं घासून, आम्लाने उठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यांना मोत्यासारखी झाक दिसली आणि पुढे त्यावरून पर्लाइट हे नाव रूढ झालं. मग हळूहळू काठाकडे सरका. पोत बदलतो, कण दिसेनासे होतात, सुयांसारखी दाट विणलेली रचना येते. तेच आपलं गडद कडं. ते सगळीकडे सारख्या जाडीचं आहे का, कुठे तुटलंय का, एका बाजूला सरकलंय का, चार ठिकाणी मोजून लिहा. कडं एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ असेल तर पाण्याच्या पेटीतली एखादी बाजू नीट चालत नव्हती, असा संशय घ्यायला जागा आहे.

कडकपणा: सालीपासून पोटापर्यंतची पायवाट

ब्रिनेल यांनी १९०० मध्ये पोलादाची गोळी दाबून कडकपणा मोजायची पद्धत मांडली. कारखान्यांत रॉकवेल जास्त चालतं, कारण आकडा थेट मिळतो. पण या दोन्हींचे ठसे आपल्या कड्याच्या मानाने मोठे. इथे विकर्सच हवं: १३६ अंशांच्या कोनाचा हिऱ्याचा पिरॅमिड, हलका भार, आणि ठशाचे कर्ण सूक्ष्मदर्शकात मोजायचे.

भार किलोत आणि कर्ण मिलीमीटरमध्ये घेतला तर कडकपणा म्हणजे १.८५४ गुणिले भार, भागिले कर्णाचा वर्ग. एक किलोच्या भाराला कड्यात ठशाचा कर्ण ०.०८४ मिलीमीटर आला तर २६० च्या आसपास, पोटात ०.१०६ आला तर १६५. काठापासून मध्याकडे ओळीने ठसे घ्या. दोन ठशांत आणि काठापासून किमान तीन कर्णांएवढं अंतर ठेवा, नाहीतर आधीच्या ठशाने कडक झालेली जागाच पुन्हा मोजली जाते. आलेले आकडे आलेखावर मांडा. आधी उंच सपाटी, मग उतार, मग खालची सपाटी. ही रेघ ज्याने स्वतः काढली त्याला टीएमटी कळला.

आता एक हिशेब. १२ एमएमच्या गजात कडं एक मिलीमीटर जाड धरलं तर ते किती क्षेत्र व्यापतं? बघणारे बहुतेक "दहा टक्के" म्हणतात. त्रिज्या ६, आतली ५. वर्ग ३६ आणि २५. म्हणजे ३६ पैकी ११, जवळपास ३१ टक्के. गोल वस्तूत सालीचा वाटा असा अंदाजापेक्षा मोठा निघतो. २६० चे ३१ टक्के आणि १६५ चे ६९ टक्के मिळून सरासरी १९४. पोलादात विकर्सच्या आकड्याला साधारण ३.३ ने गुणलं की ताणाच्या ताकदीचा ढोबळ अंदाज येतो, म्हणजे ६४० न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर. ओढून बघण्याआधीच अंदाज हातात आला.

ओढून बघणं, आणि माझी चूक

ओढण्याच्या चाचणीला ताण काढायला क्षेत्रफळ लागतं. गजाला फासळ्या असतात, व्हर्नियर कुठे लावणार? म्हणून क्षेत्रफळ वजनावरून काढतात: किलोतलं वजन भागिले ०.००७८५ आणि मीटरमधली लांबी यांचा गुणाकार. ०.८८८ ला ११३ चौरस मिलीमीटर. वजन करायला विसरून तुकडा मशीनला लावला तर चाचणी वाया.

एफई ५०० डी ग्रेडला यील्ड, म्हणजे गज कायमचा लांबायला लागतो तो ताण, किमान ५०० न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर, तुटण्याआधीची कमाल ताकद किमान ५६५ आणि ती यील्डपेक्षा निदान १० टक्क्यांनी जास्त, आणि लांबणं किमान १६ टक्के लागतं. १२ एमएमला मापाची लांबी, म्हणजे ओढण्याआधी गजावर केलेल्या दोन खुणांमधलं अंतर, ६० मिलीमीटर. तुटल्यावर दोन्ही भाग जुळवून ६९.६ च्या पुढे गेली पाहिजे. नुसती ताकद बघून खूश होणारे बरेच असतात. मी आधी लांबणं बघते. भूकंपात इमारत माणसांना बाहेर पडायला जो वेळ देते, तो या आकड्यातून येतो.

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे २० एमएमचे गज आले. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे मी ते लेथवर लावून मधला भाग १२.५ एमएमला उतरवला, छान डंबेलसारखा तुकडा केला आणि ओढला. यील्ड पाचशेच्या बरंच खाली. दुसरा, तिसरा, तेच. मी रिपोर्टवर नापास लिहिलं. लॅबमधले मामा लातूरकडचे, चौथी शिकलेले, लेथखाली पडलेला कीस झाडत होते. म्हणाले, "ताई, सालच काढून टाकलाव की तुम्ही. आता आत काय ऱ्हायलं?"

मला घाम फुटला. चांगल्या मालाला मी नापास केलं होतं, कारण त्याची अर्धी ताकद मीच किसात पाडली होती. गज पूर्ण आडव्या छेदासकट ओढायचा असतो, हे मानकात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते पान वाचलंच नव्हतं. रिपोर्ट फाडला, नवे तुकडे न उतरवता ओढले, सगळे पास. तेव्हापासून मशीन सुरू करण्याआधी मानकाचं ते पान समोर उघडं ठेवते.

यातून फॅब्रिकेशनवाल्यांनाही एक इशारा: टीएमटी गज लेथवर उतरवून, आटे पाडून त्याचा बोल्ट बनवू नका. हातात उरतं ते मऊ पोट.

मोठी यंत्रं किती खोल बघतात

पुढे स्पेक्ट्रोमीटर, एक्स-रे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक भेटतील. प्रत्येकाबद्दल पहिला प्रश्न एकच विचारा: हे किती खोलवरून बोलतंय? जालन्याच्या भट्ट्यांवर नमुन्याच्या चकतीवर ठिणगी पाडून रसायन काढतात. ती वरचे काही दहा मायक्रॉन जाळते. म्हणून चकती आधी घासून ताजी करतात, नाहीतर स्केल आणि कार्बन कमी झालेला थरच मोजला जातो. हातातल्या एक्स-रे गनला पोलादातला कार्बन दिसतच नाही, आणि जस्त चढवलेल्या बोल्टवर ती धरली तर ती जस्ताचं गुणगान गाते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेलं रसायन मोजणारं उपकरण साधारण एक-दोन मायक्रॉन खोल जातं. एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉनचं यंत्र वरच्या पाच-दहा नॅनोमीटरच्या पलीकडे बघत नाही. ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवणारा ऑक्साइडचा थर एवढाच पातळ असतो, त्यामुळे त्याच्यासाठी हेच यंत्र लागतं. अल्ट्रासाउंड याच्या उलट टोकाला: ध्वनी पोलादातून सेकंदाला सुमारे ५९०० मीटर वेगाने आरपार जातो आणि पोटातली पोकळी सांगतो.

संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांकडे कोणती यंत्रं नमुने घेतात, याची चौकशी स्वतः जाऊन करा. हीट ट्रीटमेंट हाताने शिकायची असेल तर चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूमचे अभ्यासक्रम बघा. नमुना पाठवताना खोलीचा प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या: "वरचा थर न घासता बघा" किंवा "घासून पोट बघा". हे लिहिलं नाही तर समोरचा त्याच्या सवयीने करतो.

पुढचे तुकडे

गज झाला की दुचाकीच्या गिअरचा दात घ्या. तिथे साल वेगळ्या रीतीने कडक केलेली असते: तापवताना बाहेरून कार्बन मुरवलेला, म्हणजे साल आणि पोट यांचं रसायनच वेगळं. काठापासून विकर्सचा आकडा ५५० ला उतरतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे केसची, अर्थात कडक केलेल्या सालीची, खोली. गजाच्या आणि गिअरच्या रेघा एकाच कागदावर काढा.

मग जुना कोयता, धारेपासून पाठीपर्यंत. तो घेताना लोहाराला विचारून घ्या की पाटा कुठला होता, पाणी किती वेळा पाजलं, रंग कोणता बघितला. ते तुमच्या वहीत हीट नंबरच्या जागी लिहायचं. शेवटी बिदरीचा एखादा फुटका तुकडा मिळाला तर सोडू नका: जस्तात थोडं तांबं असलेला धातू, किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने काळा केलेला, आणि त्याच लेपाखाली चांदीची नक्षी मात्र पांढरीच राहिलेली. तो काळा थर किती जाड आहे हे काठ न गोलावता मोजून दाखवायचं.

तपासलेला कोणताही तुकडा फेकू नका. आरसा केलेल्या तोंडावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या, पाठीवर नंबर कोरा आणि सिलिका जेलसोबत डब्यात ठेवा. नेलपॉलिश नंतर ॲसिटोनने निघतं.